रुपरावकाठी

ताराचंदने खोडरबराला थुंकी लावली आणि रुपरावची लाल रेघ पुसायला घेतली. लाल पेन्सिल सहजासहजी जात नाही. आलेखाच्या कागदावर गुलाबी डाग राहिला. त्यावरच त्याने पुन्हा आपला चार बोटं रुंद काठ रेखला. खाली करवतीच्या दात्यांची नक्षी, वर रुईफुलांची ओळ. रुपरावने ती अख्खी ओळ उडवून काठ दोन बोटांवर आणला होता.

इतवारीतल्या विणकर सोसायटीत ताराचंद नक्षी काढायचा आणि रुपराव, मॅनेजर म्हणून, काय विणायचं ते ठरवायचा. दर रविवारी ताराचंद दाढी करायला न्हाव्याकडे गेला की रुपराव त्याच्या घरून कागद न्यायचा, आणि सोमवारी तो एका लाल रेघेसह परत यायचा. कारण कधीच नाही. बाजार नायलॉनच्या साड्यांनी भरला होता, तरी त्या रेघेबरहुकूम विणलेली लुगडी भंडाऱ्याकडे हातोहात खपत. ताराचंदला सलायचं ते हेच. रेघ चुकीची ठरली असती, तर रुपराव त्याला मनापासून आवडला असता. आता तर विणकरही त्या लुगड्याला ‘रुपरावकाठी’ म्हणू लागले होते. ज्याला धड एक फूल काढता येत नाही, त्याच्या नावाचा काठ!

रुपराव त्या आठवड्यात दौऱ्यावर होता. कागद सरळ मागावर गेला.

दोन महिन्यांनी भंडाऱ्याहून गठ्ठे जसेच्या तसे परत आले. कमिटीपुढे रुपरावने एका लुगड्याचा काठ बोटांनी मोजला. ताराचंदकडे क्षणभर पाहिलं.

“चूक माझी हाय, अध्यक्षसाहेब. माझाच अंदाज चुकला.”

म्हणजे चुकीचं श्रेयसुद्धा त्यानेच घेतलं. ताराचंद एक लुगडं काखेत मारून घरी आला.

“घे वं, तुह्यासाठी आणलं.”

त्याची बायको गोपिका उमरेडच्या विणकराची लेक. तिने घडी मोडली आणि काठ आपल्या पोटरीवर धरून पाहिला.

“अवो, हा तं चार बोटंच राह्यला! धानाच्या रोवणीत ओला झाला का पायाले चिकटते, बाई चिखलात तोंडावर पडन. म्या तं दोनच म्हटले होते.”

“कोनाले?”

“रुपरावभाऊजीले. अजून कोनाले?”

“तो तुले इचारते?”

“दर रविवारी. कागद समोर ठेवतेत अन् म्हनतेत, वहिनी, सांगा. सहा वर्सं झाली असन.”

ताराचंदने गालावरून हात फिरवला.

“अन् तुले काय वाटलं, काहून इचारते तो?”

“काहून म्हंजे? तुमीच धाडता त्याहीले.” ती रुईफुलांवरून बोट फिरवत होती, मान वर केली नाही. “बायकोले तोंडानं इचाराले लाज वाटते तुमाले, म्हून. माहेरी सांगतलं म्या. बाबा लय हासले. म्हने, जावाई मानते तुले.”

ताराचंदने सदऱ्याची गुंडी काढली, पुन्हा लावली.

“हो,” तो म्हणाला. “मीच धाडत होतो. आता नाही धाडनार.”