सुसाटची कबुली

भावोजींनी गाडीची किल्ली बाकावर आपटली आणि निकाल देऊन टाकला, "आजपासून या गॅरेजात लॅपटॉप बंद!"

निकाल धाकट्या मेव्हण्याविरुद्ध होता. भावोजींच्या डिझेल गाडीचं रीमॅप त्यानेच केलं होतं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली मूळ फाइल काढून जास्त ताकदीची घातली होती. तेव्हापासून भावोजी त्याला कौतुकाने सुसाट म्हणायचे. पण आज चढावर ट्रकला ओलांडताना गाडीने ऐन वेळी मान टाकली. इंजिनचा धोक्याचा दिवा लागला, वेग गेला आणि मागच्यांच्या हॉर्नमध्ये भावोजींची अब्रूही गेली.

गॅरेज ताईचं, म्हणजे भावोजींच्या बायकोचं, सुसाटच्या थोरल्या बहिणीचं. कोपऱ्यातलं लॅपटॉपचं टेबल तेवढं त्याचं. तेच आता जाणार होतं, आणि त्याला दुसरी कुठलीच विद्या येत नव्हती.

"ताई, चूक माझीच," तो पडेल आवाजात म्हणाला. "दाब जास्त मागितला मी. मूळ फाइल परत घालतो."

"घाल. पण कबुली देऊ नकोस. तुझ्या कबुलीला दाब मोजायचं गेज कुठून लावू मी?"

मूळ फाइल घालून ताईने गाडी चढावर नेऊन आणली. शेजारी सुसाट स्कॅनर धरून बसला होता. पडद्यावर दोन रेषा होत्या: इंजिनने मागितलेला इंधनाचा दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला. दोघी एकमेकींना सोडून जराही हलल्या नाहीत.

"झालं तर!" भावोजी म्हणाले. "दुधाचं दूध, पाण्याचं पाणी."

"कुठे झालं? पाहुणेच कमी बोलावले आणि जेवण पुरलं, म्हणून कोठार भरलेलं आहे असं होतं का?" ताई म्हणाली.

सुसाट बघतच राहिला. दुसरं कुणी असतं तर इथेच हात झटकून मोकळं झालं असतं. त्याने स्वतःही मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं होतं.

ताईने इंजिनात डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत धरलं. सगळ्या बाटल्या सारख्याच भरल्या, इंजेक्टर निर्दोष सुटले. मग पंपाकडे जाणाऱ्या नळीत तिने पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि सुसाटला इंजिन रेस करायला लावलं. तुकड्यातून बुडबुड्यांची रांग निघाली.

"पंप हवा पितोय," ती म्हणाली. "थोडं मागितलं की भागवतो, जास्त मागितलं की तोंडघशी पाडतो."

तोच तुकडा फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावला, तर बुडबुडे गायब. म्हणजे हवा फिल्टरमध्येच शिरत होती.

इथे ताई थबकली. हा फिल्टर तिनेच बदलला होता. झाकणाच्या रबरी रिंगला डिझेलचं बोट फिरवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, कोरडी रिंग पिळवटते, हे तिचं नेहमीचं पालुपद. त्यावरून तिने सुसाटला कितीदा फैलावर घेतलं होतं.

तिने झाकण उघडलं. रिंग पिळवटलेली होती, एका जागी चिरलेली.

भावोजींकडे तिची पाठ होती. ते दिसत होतं फक्त सुसाटला. त्याने डोळ्यांनी खुणावलं, टाक खिशात. ताईची मान खाली गेलेली त्याला बघवली नसती. टेबल गेलं तरी चाललं असतं.

ताई वळली आणि तिने रिंग तळहातावर धरली.

"अहो, हे बघा. ही मी बसवली, कोरडीच. त्याच्या फाइलचा यात काडीचाही दोष नाही."

भावोजी वरमले. "फिल्टर बदललास त्या दिवशी हॉर्न वाजवून घाई तर मीच केली होती."

"घाई तुमची, हात माझा."

सुसाटला ताईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. चोर शोधत स्वतःच्या दारापर्यंत यायचं आणि कडी आपणच काढायची, याला छाती लागते. आपण न तपासताच कबूल झालो होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

ताईने नवी रिंग घेतली, डिझेलमध्ये बोट बुडवून तिच्यावरून फिरवलं आणि ती सुसाटपुढे धरली.

"बघ, सगळीकडे लागलंय का. आजपासून माझं काम तू तपासायचं."

त्याने टॉर्च लावून रिंग सावकाश फिरवून पाहिली. भावोजींनी बाकावरची किल्ली उचलली आणि आवाज न करता लॅपटॉपशेजारी ठेवली.