पाणी ओतणारी भिमी

कंपनीत आग विझवायचं शिक्षण झालं तेव्हा आम्हा ठेक्यावरच्या बायकांना शेडमध्येच बसवून ठेवलं होतं. बाहेर पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलेलं. कायमचे कामगार एकेक करून लाल सिलिंडर उचलत होते, फोटो निघत होते. भिमी बघायला दारापर्यंत गेली, तर ठेकेदार सुदाम खेकसला, "तुमचं काय काम तिथं? माल भरा. ते कंपनीच्या माणसांसाठी आहे."

मग आम्ही कोणाची माणसं होतो?

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मुरबाडच्या एमआयडीसीतला रंगाचा कारखाना. भिमी डोळखांबकडच्या पाड्यावरची, मी किन्हवलीची. सुदामची जीप आधी तिला घ्यायची, मग मला. डब्यांत थिनर भरायचं, झाकणं ठोकायची, हे काम ठेक्यावरच्या बायकांचं. कायमचा माणूस त्या वासात तासभरसुद्धा बसत नसे.

उन्हाळ्यात एक वेल्डर शेडचा खांब जोडत होता. ठिणगी थिनरने भिजलेल्या चिंध्यांवर पडली आणि भडका उडाला. शेजारचा थिनरचा ट्रेही पेटला. सिलिंडर भिंतीवर होता, पण तो चालवायचा कसा, आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. घरात काही पेटलं तर बाई जे करते तेच भिमीने केलं. पिण्याच्या पाण्याची बादली उचलली आणि ओतली. पेटतं थिनर उसळून तिच्या हातांवर आलं. मी तिला पदराला धरून मागे ओढलं. तोवर बाहेरचे कायमचे कामगार धावत आले, त्यांनी सिलिंडरची पावडर मारली आणि बघता बघता आग विझलीसुद्धा. भिमी जमिनीवर लोळत ओरडत होती.

पुढच्या महिन्यात पुन्हा शिक्षण ठेवलं. या वेळी आम्हालाही मागच्या रांगेत उभं केलं. शिकवायला अग्निशमन दलातले एक निवृत्त साहेब आले होते. त्यांच्या आधी मॅनेजर बोलला, "मागच्या आगीत एका अडाणी बाईने पेटत्या थिनरवर पाणी टाकलं. तिच्या चुकीमुळे कंपनीचं केवढं नुकसान झालं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रांग मोडून मी पुढे गेले.

"अडाणी कोनाला बोलता? तुमी शिकवलं होतं का तिला? आमी दारात आलो तर हाकललं आमाला!"

"रुपा, गप बस," सुदाम मागून म्हणाला.

"नाय बसणार! तिचे हात जळले नि चूक पन तिचीच?"

शिकवणाऱ्या साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. "या बायकांना शिकवलं नव्हतं?"

"त्या ठेकेदाराच्या आहेत," मॅनेजर म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी सिलिंडर उचलून माझ्या हातात दिला. "पिन काढा. नळी जाळाच्या बुडाशी धरा. आता दाबा."

मी दाबलं. ट्रेमधला जाळ बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तशी मी आणखीच पेटले. एवढंच होतं? एवढ्यासाठी तिचे हात गेले?

रविवारी मी भिमीच्या पाड्यावर गेले. तिची बोटं आखडली होती. सासू तिला घास भरवत होती. मॅनेजर काय बोलला, मी सिलिंडर कसा चालवला, सगळं तिला सांगितलं.

"किती येळ लागला गो शिकाया?" भिमीने विचारलं.

"चहा प्यायला लागतो तेवढा."

तिने सासूचा पुढचा घास बाजूला सारला. मग म्हणाली, "तेवढा पन नाय दिला. नि मला अडाणी बोलला? उद्या मी येते."

रात्री मी तिच्याकडेच राहिले. सकाळी सुदाम तिला जीपमध्ये घेईना. मी आत बसलेल्या बायकांना खाली उतरवलं. "भिमी नाय तर आमी पन नाय." शेवटी त्याने सगळ्यांना घेतलं.

गेटवर मॅनेजर आला. भिमीने दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले. "बघा. नीट बघा. ह्या हातांनी मी आता भात लावू कशी?"

त्याने नजर फिरवली. "आता घरी जा, नंतर बघू," म्हणाला.

"नंतर नाय," मी म्हणाले. आम्ही सगळ्या गेटसमोर उन्हात बसलो. आत माल भरायला कोणी नव्हतं, ट्रक उभा होता. दुपारी मॅनेजरने सुदामला बोलावून घेतलं. भिमीला भरलेले डबे मोजायच्या कामावर घेतलं, दवाखान्याचा खर्चही कंपनीने द्यायचं कबूल केलं.

माफी मात्र कोणीच मागितली नाही. मॅनेजर शेडमध्ये आला की बाकीच्या उठून उभ्या राहायच्या. भिमी बसून राहायची, आणि तो जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची.