त्साईच्या पंपावरची माफी

पेट्रोलमध्ये पाणी घालणाऱ्या माणसाबद्दल माझी मतं सौम्य आहेत. त्याला फाशी देऊ नये. भर उन्हात माझी मोटारसायकल त्याच्याकडून चौकापासून घरापर्यंत ढकलवून घ्यावी, एवढंच.

त्या रविवारी त्साईच्या पंपावर टाकी भरली आणि पुढच्याच चौकात, दिवा हिरवा होताच, गाडीने दोन उचक्या देऊन प्राण सोडला. यात तपास करण्यासारखं काय उरलं? तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी ढकलत मागे गेलो आणि स्कूटरवाल्यांच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्साईला चोर म्हणालो.

त्साई माझा जुना विद्यार्थी. चित्रकलेत मी त्याला दोनदा नापास केलं होतं. बहुधा ते त्याच्या लक्षात असावं.

“फांग मास्तर,” तो म्हणाला, “टाकी तुमच्याच घरी खोलू. लियाओबाईंना साक्षीला घेऊ. पाणी माझं निघालं तर पुढच्या रविवारी इथेच, सगळ्यांसमोर मी माफी मागेन. नाही निघालं तर तुम्ही. आवाज मात्र एवढाच पाहिजे हं!”

“याहून मोठा काढीन!” मी म्हणालो. माणसाने संतापावं, पण आवाजाची हमी देऊ नये.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दोघं आमच्या दारात हजर. लियाओबाई आमच्या वॉर्डाच्या प्रमुख. त्यांनी आल्या आल्या त्साईच्या तोंडातली सिगारेट काढून घेतली. आई खुर्ची टाकून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली. वय सत्त्याऐंशी, पण दुसऱ्याच्या भांडणाला ती कधी उशिरा पोचत नाही.

मी सीट काढली, नळी सोडवली, बोल्ट काढून टाकी उचलली आणि आतलं सगळं काचेच्या बरणीत ओतलं. वर पेट्रोल, तळाशी चांगलं दोन बोटं पाणी.

“बघ!” मी गरजलो. “बघ डोळे फाडून! याला काय म्हणतात?”

त्साईने खिशातून बाटली काढली. “हे आजचं, त्याच नळातलं.” तळाशी थेंबभर पाणी नव्हतं.

“रात्रीतून साफ केलंस! चोराच्या उलट्या बोंबा!”

“मास्तर, आधी टाकी तरी पुरती धुवा.”

धुतली. मूठभर नटबोल्ट आणि थोडं स्वच्छ पेट्रोल आत टाकून तिघांनी आळीपाळीने टाकी खळखळवली. गंजाने लाल झालेलं पेट्रोल निघालं. मग टाकीच्या तळाचा कॉक सोडवला. त्याच्या जाळीवर काळी राख लिंपली होती, आणि राखेत नखाएवढा पिवळा कागद. कागदावर लाल शाईचा अर्धा फराटा.

असले कागद आमच्या प्रत्येकाच्या घरी आहेत. देवळातला गुरुजी मंत्र लिहून देतो, तो जाळायचा, राख पाण्यात कालवायची आणि प्यायची.

तिघांनीही आईकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” आई म्हणाली. “हँडलला ताईत बांधला, तर या दिवट्याने कापून फेकला. म्हणे, चालवताना डोळ्यांपुढे लोंबतो. साठी उलटली तरी गाडी उधळल्यासारखी हाकतो मेला! मग दिलं पोटातून. माणसाला पोटातून लागू पडतं, ते गाडीला का नाही पडणार?”

“आई, गाडी बंद पडली!”

“मग? बंद गाडीला कधी अपघात होतो?”

लियाओबाईंना एकदम खोकल्याची उबळ आली. त्साई मात्र सभ्यपणे टाकी पुसत राहिला. त्याचा तो सभ्यपणा मला पाणी घातलेल्या पेट्रोलपेक्षा जड गेला.

रविवारी नऊ वाजता आईला मागे बसवून पंपावर गेलो. तिने हट्टच धरला होता. रांग नेहमीपेक्षा लांब होती. बातमी फुटली होती. मी घसा साफ केला.

“त्साईचं पेट्रोल शुद्ध आहे! पाणी माझ्याच टाकीत होतं. मी त्याला चोर म्हणालो. मी माफी मागतो!”

“टाकीत पाणी घातलं कोणी, मास्तर?” रांगेतून एकजण ओरडला.

त्साईने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द, आणि माझी अब्रू परत मिळणार होती. मग रांग मला सोडून आईला हसली असती.

“मीच,” मी म्हणालो. “साबणाच्या पाण्याने टाकी धुतली आणि वाळवायला विसरलो.”

“खोटारड्या!” मागून आई कडाडली. “साबण कसला रे? देवाचं पाणी ते! पहाटे पाचला जाऊन आणलंय मी, आणि नाव साबणाचं? माफी माग! आधी माझी, मग देवाची!”

मागितली. दोघांचीही, आणि ठरल्या आवाजात.

रांगेतली एक म्हातारी स्कूटरवरून उतरून आईपाशी आली. “कुठलं देऊळ हो, ताई? माझा नातूही फार जोरात चालवतो.”

“अहो आजी, टाकीत नाही! टाकीत नाही!” त्साई नळ हातात धरून बोंबलत होता. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. आई देवळाचा रस्ता समजावून सांगत होती.