बदललेला जबाब

"कोपरातून नको, मनगटातून फिरव हात," गवंडी खाटेवरून ओरडला. "थापी आहे ती, लाटणं नव्हे!"

"मग उठा आणि फिरवा तुम्हीच!" बायको म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिनं जीभ चावली.

तोंडातून सुटलं ते सुटलं. गवंड्यानं मान भिंतीकडे वळवली. सव्वीस महिने झाले, तो कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उठला नव्हता. पंचक्रोशीत ज्याच्या हातच्या भिंतीला ओळंबा लावायची गरज नाही म्हणत, त्याच्याच गोठ्याची भिंत परवाच्या वावटळीत बसली होती, आणि ती लिंपायला बायको गुडघाभर चिखलात उभी होती. ऊन असं की कालवलेली माती थापीवरच सुकत होती. म्हैस शेवग्याला बांधलेली, ती सारखी मान वर करून या दोघांकडे बघत होती, जणू आपल्यामुळंच भांडण लागलंय.

"चिडू नका," बायको जरा वेळानं म्हणाली. "कचेरीचा कागद आलाय. सकाळीच आला. तुम्हाला जेवण झाल्यावर सांगणार होते."

"काय म्हणतात?"

"उद्या बोलावलंय."

गवंडी तसा घरचाच माणूस, पण वर्षातला एक महिना तो सरकारचा असे. राखीव शिपाई. सुगी आटोपली की गणवेशाची घडी पिशवीत घालायची, तळावर जायचं, महिनाभर कवायत करायची, खंदक खणायचे, आणि परत येऊन थापी धरायची. बारा वर्षं त्यानं हे केलं. तेराव्या वर्षी तळावर वाळूची पोती उतरवताना ट्रक मागे आला आणि तो ट्रक नि भिंत यांच्यात सापडला. कंबर गेली. डावा पाय लाकडासारखा झाला. आता त्याला सैन्यातून अपंग म्हणून निवृत्त करायचं, त्याचं निवृत्तीवेतन लावायचं, एवढंच काम होतं. पण सरकारी काम म्हणजे बैलाला दूध मागण्यातला प्रकार. दवाखान्याचा कागद झाला, डॉक्टरांच्या मंडळाचा झाला, तलाठ्याचा दाखला झाला, फोटो झाले. प्रत्येक वेळी वाटायचं झालं आता, आणि प्रत्येक वेळी नवा कागद निघायचा.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं कचेरीत गेली. लांब दालन, भिंतीला टेकून बाकं, तीन खिडक्या. मधल्या खिडकीवर चष्मेवाल्या बाई बसायच्या. जिभेला धार, पण मनानं बऱ्या.

"बसा," बाई म्हणाल्या. फाईल उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचता येतं का तुम्हाला?"

तिला येत होतं. सातवीपर्यंत शिकली होती, अक्षर मोत्यासारखं. तिनं वाचलं. 'गाडी उभी होती. मी स्वतःच्या चुकीने पाय घसरून पडलो.' खाली नवऱ्याची सही.

"हा त्यांचा दवाखान्यातला जबाब," बाई म्हणाल्या. "स्वतःची चूक म्हटल्यावर वेतन कसलं? नाव कमी करून मोकळे होतील. महिनाअखेर निकाल आहे. त्याआधी डोळ्यांनी बघणारा साक्षीदार आणा, लिहून आणा."

गाडीत खिडकीशी बसून ती सगळी वाट त्या ओळीचाच विचार करत आली. घरी येऊन पिशवीही खाली ठेवली नाही.

"पाय घसरला तुमचा?"

गवंडी खाटेचा काथ्या चाचपू लागला.

"मला सांगितलंत ट्रक मागे आला. साहेबाला सांगितलंत पाय घसरला. यातलं खरं कुठलं नि खोटं कुठलं?"

"अगं, तो रडत होता माझ्या उशाशी," गवंडी म्हणाला. "डायवर. मागं न बघता गाडी घेतली त्यानं. लायसन जाणार होतं, नोकरी जाणार होती. म्हणाला, तुझं घर मी बघतो, जन्मभर बघतो. तेव्हा मला वाटलं, चार महिन्यांत उठेन मी. उगाच त्याचं कशाला वाटोळं?"

डायवर म्हणजे गवंड्याचा लहानपणापासूनचा दोस्त. गावात ट्रॅक्टर चालवायचा आणि तोही राखीवमध्येच. पहिल्या वर्षी त्यानं यांचं रान नांगरून दिलं, खरं आहे. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर बिघडला म्हणाला. यंदा बांधावरून जाताना त्यानं नुसता हात वर केला होता. गरज सरो, वैद्य मरो.

ती तशीच डायवरच्या दारात गेली. तो ट्रॅक्टरखाली पसरलेला, नुसते पाय बाहेर.

"भावजी, बाहेर या."

तिच्या पायांवरूनच त्यानं ओळखलं असावं. हात पुसत बाहेर आला. "काय वहिनी, कसा आहे?"

"आहे तसाच आहे. तुम्हाला खरं लिहून द्यायचंय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, यंदा मला हवालदाराची फीत मिळतेय. आता लिहून दिलं तर फीत राहू दे, मला हाकलतील. खटला होईल."

"आणि आमचं काय होईल?"

"त्यानंच सांगितलं होतं ना, घसरलो म्हणून!"

"तुमच्यासाठी सांगितलं! विहिरीत तो उतरला, भावजी, आणि दोर तुमच्या हातात दिला. तुम्ही दोर सोडून घरी जेवायला आलात."

डायवरची बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती नुसतं नवऱ्याकडे बघत राहिली. तेही पुरे होतं.

तीन दिवसांनी तो स्वतः आला. हातात कागद. खाटेच्या कडेला अवघडून बसला आणि वाचून दाखवला. गाडी उतारावर उभी होती. हातब्रेक सुटला. गाडी आपोआप मागे आली. शिपाई भिंतीशी काम करत होता, त्याला कळलं नाही.

"म्हणजे तुझी चूक नाही," गवंडी म्हणाला.

"तुझीही नाही. सुंठीवाचून खोकला जातोय, लेका. तू फक्त लिही, डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून तेव्हा काहीतरी बोललो."

"ब्रेक त्या दिवशी सकाळीच तपासला होता. मिस्तरीनं माझ्यासमोर गाडीखाली शिरून तपासला. अंगभर तेल घेऊन बाहेर आला, हसला माझ्याकडे बघून."

"त्याला काय होतंय?" डायवर म्हणाला. "तळावरच्या कारखान्यातला कायमचा माणूस तो. फार तर शेरा मारतील वहीत."

बाहेर वारा सुटला होता. गोठ्याच्या ओल्या भिंतीला भेगा पडत होत्या. गवंड्यानं बायकोकडे बघितलं. नाही म्हण, असं त्याची नजर म्हणत होती की हो म्हण, ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की महिनाअखेरीला आठ दिवस उरलेत. तिनं आत जाऊन पेन आणलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

कागद पोचला. चौकशी झाली. पावसाळा सरता सरता निकाल लागला. निवृत्ती मंजूर, कामावर असताना आलेलं अपंगत्व. गावात लोक म्हणाले, बाईनं करून दाखवलं. डायवरला फीत मिळाली, त्यानं येऊन गवंड्याच्या पाया पडायचं नाटक केलं. गवंड्यानं पाय आखडायचा प्रयत्न केला, पण पाय त्याचं ऐकत नव्हता.

हिवाळ्यात वेतनाचं पुस्तक घ्यायला ती पुन्हा कचेरीत गेली. गर्दी फार. बाकावर शेजारी एक बाई बसली होती, हिच्याच वयाची, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत चुरगळलेले कागद. दर वेळी नाव पुकारलं की ती दचकून अर्धी उठायची.

"तुमचं झालं का काम, ताई?" तिनं विचारलं.

"झालं. पुस्तक मिळालं की निघाले."

"नशीबवान आहात. मला तर कुठली खिडकी तेच कळेना. अर्ज करायचाय. मालकांना तळावरच्या कारखान्यातून काढलं. बावीस वर्षं मिस्तरी होते."

गवंड्याच्या बायकोनं पदर घट्ट धरला.

"म्हणतात, ब्रेक नीट तपासला नाही, त्यामुळं एक शिपाई लंगडा झाला. तेव्हापासून मालक घरातून बाहेर पडत नाहीत. रात्रंदिवस एकच, मी तपासला होता, मी तपासला होता. आता तर म्हणतात, तपासला होता का गं मी? स्वतःचाच भरवसा राहिला नाही त्यांना." तिनं डोळे पुसले. "तो शिपाई कुठला ते ठाऊक असतं तर त्याच्या बायकोच्या पाया पडले असते मी. ताई, कोऱ्या अर्जावर चार ओळी लिहून द्याल? मला अक्षर येत नाही."

तिनं तोंड उघडलं. सगळं तोंडाशी आलं, गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं. मग तिला खाट दिसली, आणि खाटेवरचा तो लाकडासारखा पाय. तिनं तोंड मिटलं.

"द्या इकडं," ती म्हणाली.

अर्ज गुडघ्यावर ठेवून तिनं पेन घेतलं. बाई सांगत होती, ती लिहीत होती. मिस्तरीचं नाव. बावीस वर्षं. कसूर कधी नाही. मग बाई थांबली.

"आता काय लिहायचं, ताई? साक्षीदार तर कुणीच नाही."

"लिहूया," ती म्हणाली, आणि बाईनं सांगायच्या आधीच तिनं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. 'ब्रेक त्या दिवशी सकाळी तपासला होता. गाडीखाली शिरून तपासला होता. ब्रेक चांगला होता.'

"काय लिहिलं?"

तिनं वाचून दाखवलं. बाई रडता रडता हसली. "अगदी तिथं असल्यासारखं लिहिलंत की! देव तुमचं भलं करो."

"डाव्या हाताची खिडकी," ती म्हणाली. "अंगठा इथं द्या. आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका. काहीही झालं तरी हलू नका."

बाई डाव्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मधल्या खिडकीतून गवंड्याचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा चष्मेवाल्या बाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं, "अहो, तुमचंच नाव आहे ना?" तेव्हा ती उठली, आणि डाव्या खिडकीकडे न बघता पुस्तक घ्यायला गेली.