मला विचारा

टोकियोच्या फुनाबोरीतल्या कोन्बिनीबाहेर, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या त्या छोट्या दुकानाबाहेर, मंजुषा येरझाऱ्या घालत होती. तिची अकरा वर्षांची चैत्राली आज पहिल्यांदाच एकटी आत गेली होती. चैत्रालीला जन्मापासून बोलता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शाळेतून टॅब्लेट मिळाला. चित्रावर बोट ठेवलं, की तो तिच्या वतीने जपानीत बोलायचा.

काचेतून मंजुषाला सगळं दिसत होतं, त्यामुळे जीव आणखीच खालीवर होत होता. चैत्रालीने ओनिगिरी, समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा, काउंटरवर ठेवला. विक्रेत्या बाईंनी काहीतरी विचारलं. पोरीचं बोट पडद्यावर नुसतं भिरभिरत राहिलं. मागे रांग वाढली. बाईंनी काचेबाहेर पाहिलं.

मंजुषाला राहवेना. ती आत शिरली.

"गरम करून देऊ का हिला?" बाईंनी तिलाच विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच टॅब्लेट बोलला, "मला विचारा."

बाई ओशाळल्या. वाकून त्यांनी चैत्रालीला तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"हो, गरम."

मंजुषा आल्या पावली बाहेर पडली. थोड्या वेळाने चैत्राली पिशवी घेऊन आली. आईकडे रागाने बघत तिने पडद्यावर बोट दाबलं, "आत का आलीस?"

"चुकलं माझं. उद्या कोपऱ्यावर थांबते, चालेल?"

"घरी थांब."

चैत्राली ओनिगिरीचा कागद सोलत पुढे निघालीसुद्धा.