अडीच किलोचा चाप

आउलिसने नवी रायफल घेतली ती राइलीच्या हट्टापायी. राइली म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, ओइवाची बायको. ओइवाला जाऊन दहा महिने झाले होते, आणि तो गेला होता आउलिसच्याच गोळीने. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी त्यावर बोलत नव्हतं.

जूनमध्ये राइली त्याच्या दारात येऊन म्हणाली होती, "शिकारीच्या टोळीत एक बंदूक कमी पडतेय. यंदा सात मूस हरणं मारायची परवानगी आलीय. तू असाच भिंतीकडे बघत बसणार असशील तर तसं सांग, म्हणजे दोघंही गेले असं धरून चालते मी."

आउलिसने मान डोलावली. त्याला जावंसं वाटत नव्हतं आणि जाऊ नये असंही वाटत नव्हतं. ऑक्टोबरपासून त्याला काही वाटायचं बंदच झालं होतं. समोर ताट आलं की जेवायचं, घड्याळात दहा वाजले की आडवं व्हायचं. लोक म्हणायचे, बिचारा आतल्या आत कुढतोय. पण कुढायलासुद्धा आत काहीतरी शिल्लक लागतं.

आता ऑगस्ट संपत आला होता. शनिवारी नेमबाजीची चाचणी होती. ती पार पडल्याशिवाय हाक्याला उभं राहता येत नाही. गुरुवारी सकाळी आउलिसने रायफल गॅरेजात आणली, रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, बोल्ट बाहेर काढून ठेवला आणि ती बाकावरच्या पकडीत बसवली. कारखान्याचं तेल पुसलं. नळीतून चिंधी ओढली, काळी आली म्हणून दुसरी ओढली, ती पांढरी निघेपर्यंत ओढत राहिला. हे काम त्याला बरं पडत होतं. चिंधी काळी असेल तर पुन्हा ओढायची, पांढरी असेल तर थांबायचं, एवढाच हिशेब.

राइली आली ती जंगलातून थेट. हाताची बोटं ब्लूबेरीने जांभळी झालेली, बगलेत कॉफीचा थर्मास, पिशवीत वेलदोडा घातलेला गोड पाव.

"हे काय सोंग?" ती दारातच थबकली.

बाहेर ऊन पडलेलं आणि आउलिस गॅरेजात जाड हिवाळी कोट चढवून उभा होता. दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाची, लांबी कोट घालूनच ठरवायची असते. शर्टावर नीट बसलेली रायफल ऑक्टोबरात खांद्याला अडकते. हे राइलीला माहीत नव्हतं असं नाही. तिने ओइवाला असंच घाम गाळताना वीस वर्षं पाहिलं होतं.

"बोटभर कापावा लागेल दस्ता," आउलिस म्हणाला.

"काप. आधी पाव खा. वाळून चिपाड झालायस, आत्ताच्या मापाने कापलास तर पुढच्या वर्षी पुन्हा कापावा लागेल."

दस्त्याचं रबर काढून त्याने लाकूड कापलं, कड घासली, रबर परत बसवलं. मग रायफलवरच्या दुर्बिणीची पाळी आली. या कामाला दुसरं माणूस लागतं. एकाने कोट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग डोळा उघडायचा, आणि पूर्ण गोल स्वच्छ दिसेपर्यंत दुसऱ्याने दुर्बीण मागेपुढे सरकवून तिथे पेन्सिलीने खूण करायची. गावात हे काम भाऊ भावासाठी करतो. राइलीने पेन्सिल उचलली.

"पुढे. अजून. थांब," आउलिस म्हणाला.

तिने खूण केली. पाणसळ ठेवून दुर्बिणीतली नेमाची फुली सरळ केली. जीभ दातांत धरून ती बुडबुडा बघत होती, तेव्हा आउलिस तिच्याकडे बघत होता. ही बाई आपल्यासाठी राबते ती आपल्याला निर्दोष समजून, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

राइलीच्या लेखी सारा दोष ओइवाचा होता. हाका संपल्याची खूण होण्याआधीच तो आपला नेमून दिलेला ठिय्या सोडून चाळीस पावलं पुढे ओढ्याकडे गेला होता. ठिय्या सोडायचा नाही, हे त्यांच्याकडे पोरांना बुटांची नाडी बांधायला शिकवण्याआधी शिकवतात. "स्वतःच्या गाढवपणाने मेला आणि भावाला जन्माचा डाग लावून गेला," असं राइली चारचौघांत म्हणायची. ओइवाचा फोटोसुद्धा तिने भिंतीवरून काढून ठेवला होता.

ते खोटं नव्हतं. पण ते सगळं नव्हतं.

आउलिस उन्हाळ्यात स्पर्धेला जायचा. रुळांवरून पुठ्ठ्याचा मूस पळतो आणि मोजक्या क्षणांत नेम साधायचा असतो. त्यासाठी लोक रायफलचा चाप हलका करून घेतात आणि शिकारीचा हंगाम आला की पुन्हा जड करतात. गेल्या वर्षी आउलिसने कप जिंकला. आणि चाप जड केला नाही. विसरला वगैरे नव्हता. जमलेला हात बिघडवावासा वाटला नाही, इतकंच. ऑक्टोबरात झाडांमागून मूस गेला, त्याने नळी त्याच्यामागून फिरवली, बोट नुसतं टेकलं होतं. मारू की नको हे ठरायच्या आत बार उडाला होता.

पोलिसांच्या अहवालात हेही एका ओळीत लिहिलेलं होतं: चाप फार हलका, मात्र गुन्हा नाही. अहवालाची प्रत घरी आली तो लिफाफा राइलीने फोडलाच नाही. "मला कळायचं ते कळलंय," म्हणाली आणि चुलीत घातला. तेव्हा आउलिसने सांगायला हवं होतं. नंतर रोजच सांगायला हवं होतं.

आता त्याने नव्या रायफलच्या चापाखालचा स्क्रू आवळला. बोल्ट घालून, मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा चापाला अडकवला आणि ओढला. दीड किलो. आणखी आवळला. दोन. आणखी. अडीचला स्क्रू थांबला, तेव्हा तोही थांबला.

एवढ्यात कालेर्वो आला. तो टोळीचा म्होरक्या, कोण कुठल्या ठिय्यावर बसणार ते ठरवणारा. सत्तरीचा म्हातारा, पण दुसऱ्याची बंदूक दिसली की हात शिवशिवतात. विचारपूस न करता त्याने रायफल उचलली, बोल्ट मागे ओढून आत पाहिलं, भिंतीकडे नेम धरला आणि चाप ओढला. ओढला. अजून ओढला. शेवटी खट्ट झालं.

"अरे देवा! हा चाप आहे की गोठ्याची कडी? शनिवारी ओढायला ट्रॅक्टर आणू का?"

"असू दे तसाच," आउलिस म्हणाला.

"असू दे काय? चाचणीच्या चार गोळ्यांतली एकही कागदाला लागणार नाही. जरा सैल कर, लेका. एक टोक नको तसं दुसरंही नको. तुझी जुनी बरी होती, समोर कोणी शिंकलं तरी सुटायची!"

तो हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावरच विरलं. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, राइलीने अहवाल वाचलाय. राइलीच्या तोंडाकडे बघताच काय ते त्याच्या लक्षात आलं.

"माझी मासळीची जाळी पाण्यात आहेत," तो पुटपुटला आणि टोपी डोक्यावर घालत चालता झाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

राइलीने पेन्सिल बाकावर ठेवली.

"शिंकलं तरी म्हणजे?"

आउलिस कोट काढायला लागला. बटणं सापडेनात.

"आउलिस. तू झाडलीस की सुटली?"

"सुटली."

"तू मारणार होतास?"

"माहीत नाही. ठरलं नव्हतं अजून. फांद्या दाट होत्या. बहुतेक नसतीच मारली."

"किती हलका होता?"

"तीनशे ग्रॅम."

तिने काटा उचलला, चापाला अडकवला आणि हळूहळू ओढला. तीनशेवर थांबली. काटा जेमतेम हलला होता. बोटांनी धरून ठेवायलाही जोर लागत नव्हता. ती कितीतरी वेळ तशीच तीनशेवर धरून उभी राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि आता अडीच किलो करून ठेवलास." तिचा आवाज चढलेला नव्हता. "आता कुणासाठी?"

 आपल्याला शरम वाटायला हवी, असं आउलिसच्या मनात आलं. पण ते नुसतं मनात आलं, बाजारातून मीठ आणायला हवं तसं.

"त्याने ठिय्या सोडला म्हणून मी त्याला शिव्या देते," राइली म्हणाली. "रोज देते. सकाळी उठल्याबरोबर. कॉफी गाळताना देते. लोकांसमोर देते आणि तू तिथेच बसून ऐकतोस."

"ठिय्या त्याने सोडला होता, राइली."

"हो, सोडला होता. तेवढ्यासाठी फार तर कालेर्वोने त्याला झापलं असतं. संध्याकाळी घरी येऊन ते मला हसत हसत सांगितलं असतं त्याने." तिने काटा काढून बाकावर ठेवला, सावकाश, आवाज होऊ न देता. "इस्पितळाच्या खोलीत शवपेटीचं झाकण लावण्याआधी तिथल्यांनी मला विचारलं, शेवटचं काही बोलायचंय का. आठवतं? मी वाकून त्याला मूर्ख म्हटलं. बाकी एक अक्षर बोलले नाही. नवऱ्याशी माझा शेवटचा शब्द तो."

आउलिसने कोटाचं शेवटचं बटण काढलं.

"तू माझा दंड धरून उभा होतास."

"हो," आउलिस म्हणाला. "धरला होता."