सफरचंदाच्या झाडावरचा फ्लॅश

तौनोकाका पक्ष्यांचं दाणापात्र टांगताना शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घेऊन हिवाळ्याच्या तोंडावरच अंथरुणाला खिळले. त्यांची खोली मागच्या बाजूला. खिडकीतून दिसायची ती फक्त लाकडांच्या वखारीची भिंत. दर हिवाळ्यात पडत्या बर्फात बागेतल्या पाखरांचे फोटो काढणारा हा माणूस. तो त्या भिंतीकडे बघत गप्प पडून राहिला. जेवणही नकोसं झालं.

त्यांची बायको, माझी मावशी आइली, त्यांच्या कॅमेऱ्याला 'सवत' म्हणायची. पण एका दुपारी बर्फ भुरभुरायला लागल्यावर तिनं तो गुपचूप उचलला. आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, डिसेंबरात दुपारीच अंधारून येतं, म्हणून फ्लॅशही लावला. तासभर कुडकुडून काढलेले फोटो तिनं काकांपुढे धरले. सगळीकडे कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग. पाखरू कुठेच नाही.

काका हसायला लागले. पाय दुखेपर्यंत हसले.

"हसायला काय झालं?" मावशी फणकारली. "पाखरं होती तिथं. मी बघितली."

मग त्यांनी समजावलं, की फ्लॅश कॅमेऱ्यावरच असला की भिंगाजवळचे बर्फाचे कण आधी उजळतात. तो काढून बाजूला, पाखराच्या जवळ लावायचा, आणि जोर अगदी कमी ठेवायचा.

पुढच्या बर्फात मावशीनं फ्लॅश पावाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून सफरचंदाच्या फांदीला बांधला. पुढची बाजू तेवढी उघडी. स्वतः अवजारांच्या खोपटाच्या दारात बसली. मी दोनदा गरम कॉफी नेऊन दिली. दुसऱ्यांदा तिनं मला हातानंच हाकललं.

संध्याकाळी तिनं एकच फोटो दाखवला. फांदीवर पुनातुल्कू या पाखराची मादी, अंग फुगवून बसलेली. भोवती बर्फाचे कण जागच्या जागी थबकलेले. नर लालभडक छातीचा असतो, मादी साधी तपकिरी. काकांनी आजवर नराचेच फोटो काढले होते.

"नर नाही आला?" त्यांनी विचारलं.

"आला होता. मिरवला आणि गेला. ही बसून राहिली, मग हिचाच काढला."

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग हलकेच म्हणाले, "डोळा किती स्वच्छ आलाय गं."

मावशीचे कान लाल झाले. थंडीनं म्हणावं, तर घरात येऊन बराच वेळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं आणि मी स्वयंपाकघरातलं टेबल बाहेरच्या खोलीत ओढलं आणि काकांची खाट तिथल्या बागेकडच्या खिडकीशी आणून लावली. त्या दिवशी त्यांनी माशाचं कालवण दोनदा मागून घेतलं. तेव्हापासून ते खिडकीतून हातानं खुणा करायचे आणि मावशी त्यातल्या निम्म्या खुणांकडे दुर्लक्ष करायची.

मार्चमध्ये काका काठी टेकत उठले आणि त्यांनी कॅमेरा मागितला.

"देते की," मावशी बूट चढवत म्हणाली. "बर्फ पडायचा थांबला की देते."